जैसे थे

रात्रभर उघडी राहिलेली बादली सकाळी पाहिली, तर पाण्यावर साय धरलेली असे. धुळीची साय. वरून पाहिलं तर पाणी स्वच्छच वाटे. गुडघ्यांवर बसून, डोळे बादलीच्या काठाशी आणून तिरकं पाहिलं तरच ती दिसे — पिठासारखी, किंचित गुलाबी. बोट टेकवलं की ती बोटापासून लांब सरायची, जणू तिला स्पर्श नको आहे. आणि बोट काढून घेतलं, की परत यायला फार वेळ लावायची.

इदारा एक्पो अशीच गुडघ्यांवर बसून पाहत होती. राष्ट्रसेवेच्या कॅम्पातली तिची ती दुसरी सकाळ. जॉसच्या पठारावर जानेवारीची थंडी होती, वाळवंटातली धूळ घेऊन रात्रभर घोंगावणारं हरमॅटनचं वारं नुकतंच पडलं होतं, आणि नळापाशी पांढऱ्या शर्ट-चड्डीतल्या मुलामुलींची ही गर्दी दात वाजवत उभी होती. सगळ्यांच्या हातात एकसारख्या निळ्या बादल्या. फाटकापाशी बसणाऱ्या एकाच बाईकडून घेतलेल्या.

समोरच्या बादलीवर साय होती. इदाराने तर आपली बादली काल रात्री भरून, टॉवेलने झाकून ठेवली होती. म्हणजे ही तिची नव्हती. तिची ती, जिच्यात शेजारचा उंच मुलगा आत्ता प्लास्टिकचा मग बुडवत होता.

"ऐका ना… ती बादली माझी आहे."

अर्ध्या तोंडाला साबण लागलेल्या त्या मुलाने मान वळवली. "ही? हिच्यावर नाव आहे तुमचं?"

"नाव नाही. पण धूळही नाही."

"काय नाही?"

"धूळ. मी रात्री वर टॉवेल टाकला होता. तो तुमच्या पायाखाली आहे."

त्याने पायाखाली पाहिलं. मग तिच्यासारखाच गुडघ्यांवर बसला, डोळे काठाशी नेले, एकदा या बादलीकडे पाहिलं, एकदा त्या. अर्ध्या गालावर साबण वाळत चालला होता.

"तुम्ही पोलिसात आहात का?"

"मायक्रोबायॉलॉजी."

"म्हणजे जंतूंच्या पोलिसात." तो उठला, हातातला मग तिच्या बादलीत परत ठेवला आणि छातीवर हात ठेवून वाकला. "तेमिसान. वॉरीचा. आमच्या घराण्यातला पहिलाच बादलीचोर. आईला कळवू नका, पोलीसबाई, ती आधीच म्हणत होती की कॅम्पात पोरं बिघडतात."

इदाराला हसू आलं, आणि हसताना कोरडा पडलेला खालचा ओठ चिरला. पुढे कधीही ती सकाळ आठवली की तिला आधी ती चुणचुण आठवे आणि मग तो.

खरं तर तिला इथे कुणाशी ओळख वाढवायचीच नव्हती. पदवी घेतली की घरापासून लांबच्या राज्यात एक वर्ष सेवा करायची, त्यातले पहिले तीन आठवडे कॅम्पात काढायचे, आणि मग मिळेल त्या गावी, मिळेल त्या कामावर जायचं. हे कुणालाच चुकत नव्हतं. पण इदाराने कॅम्पात पाऊल ठेवलं त्याच दुपारी बदलीचा अर्ज देऊन टाकला होता. कारण : दमा. दमा खोटा नव्हता. आईने सांगितला तेवढा मोठा नव्हता, इतकंच. दक्षिणेत, उयोला, मामाचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. "तीन आठवडे काढ आणि परत ये, बाळा," आई म्हणाली होती. "वर्षभर सेवाच करायची ना? मग ती घरी राहून कर." इदाराने मान डोलावली होती. मान डोलावणं तिला सोपं जाई. बोलणं जड जाई.

कवायतीला त्यांच्या तुकडीला सार्जंट लाराबा मिळाली. बुटकी, काटकुळी बाई. बुटांना अशी चकाकी की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. आवाज मात्र पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

"ओटोंडो!" ती नव्यांना याच नावाने हाक मारी, आणि त्यात 'कच्चे', 'गबाळे' आणि 'माझ्या नशिबी आलेले' हे तिन्ही अर्थ असत. "डावीकडे — वळ!"

इदारा डावीकडे वळली. तिच्या डाव्या हाताला उभा असलेला तेमिसान उजवीकडे वळला. सगळी तुकडी एका दिशेला आणि हे दोघं मात्र समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतके जवळ. थंडीत त्याच्या श्वासाची वाफ तिच्या पापण्यांवर येत होती. त्याच्या उजव्या भुवईत एक जुनी खोक होती, तिथे केस उगवले नव्हते… हे तिने पाहिलं, आणि आपण ते पाहतोय हे त्यानेही पाहिलं.

"जैसे थे!" सार्जंट कडाडली. म्हणजे आत्ताचा हुकूम रद्द. जो तो आपापल्या आधीच्या जागी. "ए उंटा! डावा हात कुठला ते आईने शिकवलं नाही का? लग्नं परेड सुटल्यावर लावायची असतात!"

तुकडी फिदीफिदी हसली. तेमिसान वळून ताठ उभा राहिला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "मी चुकलो नव्हतो बरं का, पोलीसबाई."

तेव्हापासून 'जैसे थे' हा शब्द त्या दोघांचा झाला.

कुंपणाला लागून बाजार भरे, त्याला सगळे मॅमी म्हणत. संध्याकाळी तिथे तेलात अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळले जात, निखाऱ्यावर सुया, म्हणजे मसाला लावलेल्या मांसाचे तुकडे, चरचरत, आणि बाकांवर खाकीतली मुलंमुली खेटून बसत. तेमिसान बोलघेवड्यांच्या वॉरीचा असल्यामुळे त्याच्या तोंडाला खळ नसे.

"तू फारच कमी बोलतेस," तो म्हणायचा.

"जैसे थे," इदारा म्हणायची.

"बरं. तू मोजून बोलतेस."

"हं. हे चालेल."

"आणि मोजून हसतेस. आज तीनदा. त्यातलं एक त्या बकरीला बघून."

"ती बकरी खरंच विनोदी होती."

"म्हणजे मी नाही? सार्जंट! इथे एका माणसाचा अपमान होतोय!"

तो इतिहास शिकला होता. "म्हणजे झालेल्या गोष्टींचं मला सगळं कळतं आणि होणाऱ्यांचं काहीच नाही," असं तो म्हणे. वडिलांचं नावेच्या इंजिनांचं दुकान होतं. त्याच्या नखांखाली ग्रीसची काळी रेघ अजून होती. चार दिवस तिचा चिरलेला ओठ पाहिल्यावर पाचव्या दिवशी त्याने तिच्या हातावर शियाच्या बियांच्या लोण्याची बोटभर उंचीची डबी ठेवली.

"कशाला?"

"हसताना तू ओठ आवरतेस. दुखतात म्हणून. माझं नुकसान होतंय."

डबीला धुरकट, खमंग वास होता. तिने ते लोणी बोटावर घेतलं, ओठांवर लावलं… आणि तो एकदम दुसरीकडे बघू लागला, जणू बकरी पुन्हा आली आहे.

दुसऱ्या आठवड्यात सार्जंट लाराबाने एकेकाला पुढे काढून तुकडीला हुकूम द्यायला लावलं. इदाराची पाळी आली. 'पुढे चल' तिने कसंबसं काढलं, पहिल्या रांगेला ऐकू गेलं, तुकडी निघाली. आणि मग 'थांब' घशातच राहिलं. तिने तोंड उघडलं, हवा बाहेर आली, शब्द आला नाही. समोर मैदान संपत होतं. पुढे पुरुषभर उंचीचं निवडुंगाचं कुंपण. तुकडी टापटाप पावलं टाकत सरळ त्या काट्यांवर चालली होती. चिनेलो — इदाराच्या वरच्या पलंगावर झोपणारी, पहिल्या रांगेतली — ओरडत होती, "अगं बोल! अगं बाई, बोल काहीतरी!"

"जैसे थे!" तेमिसानने रांगेतूनच आवाज टाकला. तुकडी थबकली. कुंपण हातभर अंतरावर.

सार्जंट चालत आली. आधी त्याच्यापुढे उभी राहिली.

"'जैसे थे' कोण म्हणालं?"

"मी, सार्जंट."

"हुकूम तू दिला होतास?"

"नाही, सार्जंट."

"ज्याने हुकूम दिला, त्यानेच तो परत घ्यायचा. रांगेतल्याने नाही. रांगेतला म्हणाला तर तो नुसता आवाज. तो मानायचा नाही. डोक्यात गेलं?" मग ती इदाराकडे वळली. तिची नजर थोडी मऊ झाली, पण आवाज नाही. "आणि तू. हुकूम घशात ठेवायची वस्तू आहे का? गोळी आहे, चघळतेस? पोटातून काढायचा. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. नाहीतर माणसं काट्यात जातात, पोरी, आणि दोष तुझा असतो."

तेमिसानला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मिळाल्या. दर फेरीला इदारासमोरून जाताना तो दम खात म्हणे, "काही… हरकत नाही… पोलीसबाई… व्यायाम… होतोय."

त्याच आठवड्यात कॅम्पात एक बाई आल्या. कानेंग बाई, डोंगरापलीकडच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मॅमीत बाकावर बसून त्या जो दिसेल त्याला विचारत, "विज्ञान शिकवाल का?" त्यांच्या शाळेत कुणीतरी भेट दिलेला सूक्ष्मदर्शक कपाटात होता, उघडायला कुणी नव्हतं. तेमिसानने इदाराला कोपराला धरून त्यांच्यापुढे उभं केलं. "ही घ्या. ही पाणी नुसतं बघून कुणाचं ते सांगते."

कानेंग बाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "येशील?"

"बघते," इदारा म्हणाली. आणि तिच्याच कानांना ते 'हो'सारखं ऐकू आलं. त्या संध्याकाळी तिच्या डोक्यात बादलीवरची ती साय एका थेंबात होती, थेंब काचेवर होता, आणि काचेवर वाकलेल्या मुलींच्या वेण्या एकमेकींत अडकत होत्या.

उद्या जाऊन अर्ज मागे घ्यायचा, तिने ठरवलं. उद्या.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळ्या कॅम्पाला कातळावर चढवलं. पठारावर रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे. त्यांतून वर जाणारी वाट. अर्ध्यावर इदाराची छाती भरून आली. तिने खिशातला पंप ओढला, बसली. तिची पिशवी केव्हा दुसऱ्या खांद्यावर गेली हे तिला कळलंच नाही. तेमिसान तिच्या चालीने चालू लागला. मागचे पुढे गेले, त्यांच्या मागचेही पुढे गेले, शेवटी सगळ्यांच्या मागे ते दोघंच उरले. तो त्या वेळी एकही विनोद करत नव्हता. एका मोठ्या धोंड्याच्या उतारावर ते टेकले. खाली धुळीच्या धुक्यात गावं होती, आणि निवडुंगाच्या रेघांपलीकडे एक पत्रा चमकत होता.

"इदारा."

तो तिला नावाने कधी हाक मारत नसे. तिने वळून पाहिलं.

"मी इथे आल्या आल्या बदलीचा अर्ज दिला होता. वडिलांचा डावा हात चालत नाही, दुकानाला माणूस हवा… म्हटलं घरीच जावं. परवा जाऊन मागे घेतला."

"का?"

"भाऊ म्हणाला, मी बघतो वर्षभर. आणि…" त्याने एक खडा उचलला, खाली टाकला, त्याचा आवाज येईपर्यंत थांबला. "कानेंग बाईंना इतिहासालाही मास्तर हवाय. तो पत्रा दिसतोय ना? तीच शाळा. तू तो सूक्ष्मदर्शक उघडशील. मी फळ्यावर सनावळ्या लिहीन, मुली मला कंटाळतील. संध्याकाळी तुझी शाळा सुटेल, माझीही सुटेल… मला तू आवडतेस, इदारा. फार. हे सांगायला मी चार विनोद पाठ करून आणले होते. एकही आठवत नाहीये."

इदाराच्या छातीत पुन्हा काहीतरी भरून आलं, पण ते दम्याचं नव्हतं. 'मलाही' असं म्हणायचं होतं. 'माझाही अर्ज आहे, अजून तिथेच पडलाय, मी तुला इतके दिवस सांगितलं नाही,' हेही म्हणायचं होतं. त्याने आपला अर्ज मागे घेतला होता आणि तिने नुसतं मनात ठरवलं होतं. दोन्ही वाक्यं एकदम वर आली आणि घशात एकमेकांना अडली. आणि त्यांच्या फटीतून एक तिसराच शब्द निसटला — हसत हसत, सवयीने —

"जैसे थे!"

तिला म्हणायचं होतं : थांब. एक श्वास घेऊ दे. मग हे सगळं पुन्हा, पहिल्या शब्दापासून म्हण.

तेमिसान तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपलं हसू हळूच मिटलं, धुतलेला सदरा घडी करून ठेवावा तसं. तो उभा राहिला, टाचा जुळवल्या.

"जी, मॅडम," तो म्हणाला.

वरून शिट्टी झाली, रांग उतरू लागली. तो तिची पिशवी घेऊन पायथ्यापर्यंत तिच्या चालीने चालला. पायथ्याशी त्याने पिशवी परत दिली.

दुसऱ्या सकाळी नळापाशी तो म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिस एक्पो."

तिला वाटलं, नवा खेळ आहे. पण त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. नळापाशी इतरांना तो हसवत होता, कुणाच्या तरी बादलीला कान लावून "हिच्या आत मासा आहे" म्हणत होता. तिच्यासमोर आला की टाचा जुळत. रागाने नव्हे. राग असता तर तिने तो ओळखला असता, भांडली असती. तो अगदी नीट, अदबीने, ओळख होण्याआधीच्या जागेवर परत जाऊन उभा राहिला होता.

"भांडलात?" चिनेलोने वरच्या पलंगावरून उलटं डोकं खाली सोडून विचारलं. दुपारची विश्रांती होती. खोलीभर ओली खाकी वाळत होती.

"नाही."

"मग तो असा का वागतोय? बँकेतल्या माणसासारखा?"

"मी एक शब्द चुकीचा बोलले."

"मग आता दुसरा बोल!"

"बोलेन."

"कधी?"

"उद्या."

चिनेलोने कपाळाला हात लावला. उलट्या अवस्थेत तो हनुवटीला लागला. "तू ना, एकेक शब्द उकळून, गाळून, गार करून बाहेर काढतेस. तोवर समोरचा तहानेने मरेल, बाई."

इदारा रोज अर्जांच्या खोलीकडे निघायची. कधी रांग मोठी असे, कधी बिगुल वाजे, कधी आतला माणूस जेवायला गेलेला असे. आणि कधी यातलं काहीच नसे, दार सताड उघडं असे, आणि तरी ती उंबऱ्यापासून परत फिरे. अर्ज मागे घेतला तर आईला सांगावं लागणार. नाही घेतला तर त्याला सांगावं लागणार. आई फोनवर विचारी, "काय झालं गं अर्जाचं?" इदारा म्हणे, "बघते, आई." तिच्या मनात त्या कातळावरचा तो क्षण पुन्हा पुन्हा उभा राही. इतर वेळी ती किती सावध! एक आकडा लिहायचा तर तीनदा तपासणारी. आणि तिथे, जिथे तपासायला काहीच नव्हतं, तिथे…

मॅमीत ती आता एकटीच जाई. शियाच्या डबीतलं लोणी तिने वापरायचं थांबवलं, संपू नये म्हणून. ओठ पुन्हा चिरले.

शेवटच्या परेडला सगळा कॅम्प एक होऊन चालला. सार्जंट लाराबाच्या तुकडीचं एकही पाऊल चुकलं नाही. तिने तोंड फिरवून डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या. मग नावं पुकारली. इदारा एक्पो : बदली मंजूर. "गाड्या सुटायच्या आत विचार बदलला तर कागद मला परत आणून द्यायचा," अर्जांच्या खोलीतला माणूस सगळ्यांनाच सांगत होता. "गाडी सुटली की वर्षभर बदल नाही. मग रडायला येऊ नका."

ती बादली परत द्यायला नळापाशी आली. फाटकावरची बाई जुन्या बादल्या अर्ध्या भावात घेई. तेमिसान तिथे आधीच होता. खाकी, टोपी, पाठीवर पिशवी.

"कुठली शाळा मिळाली?" तिने विचारलं. आठवडाभरातलं तिचं पहिलं सरळ वाक्य.

"शाळा नाही. वॉरी." तो बादली विसळत होता. "मी अर्ज परत दिला. तू म्हणालीस ना, जैसे थे. मग सगळंच आधीसारखं केलं."

इदाराच्या हातातली बादलीची कडी खणकन खाली पडली.

"तेमिसान… माझाही अर्ज होता. पहिल्या दिवसापासून. तो मी मागे घेतलाच नाही. तू तुझा घेतलास आणि माझा तिथेच, म्हणून मला बोलता येईना. मला म्हणायचं होतं, जरा थांब. फक्त एक श्वास थांब. नको असं नव्हतं म्हणायचं."

पाणी गळायचं थांबेपर्यंत तो बादली उलटी धरून उभा राहिला.

"पोलीसबाई," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी ऐकलेल्या त्या हाकेने तिचे डोळे भरले. "सार्जंटने सांगितलं होतं आपल्याला. रांगेतला म्हणाला तर तो नुसता आवाज, मानायचा नाही. ते वाक्य माझं होतं. तू ते परत घेऊच शकत नव्हतीस. मला माहीत होतं ते. मैदानाला फेऱ्या मारून शिकलो होतो. तरी मानलं."

"का मानलंस?"

"तुला वाटलं असेल, असा माणूस नको. आणि तुला जे वाटेल ते…" तो हसला, पण ते हसू भुवईतल्या खोकेपर्यंत पोहोचलं नाही. "भावाने काल सामान बांधलं. तो लागोसला चाललाय, काम मिळालंय त्याला. आता मी गेलो नाही तर दुकानाला कुलूप. हे मात्र खरंच बदलत नाही."

"हं."

"तुझं काय ठरलंय? उयो?"

तिने तोंड उघडलं. आणि जिभेवर तोच गुळगुळीत झालेला शब्द आला. "बघते."

"बघ," तो मायेने म्हणाला. खिशाकडे हात गेला, परत आला. द्यायला काही नव्हतं. मग तो वळून मैदान ओलांडू लागला. उंटासारखा, लांब लांब टांगा टाकत.

मैदानाच्या पलीकडे गाड्या एकामागे एक लागल्या होत्या. पहिली उयोची, तिच्या टपावर चिनेलो स्वतःची पेटी चढवताना सगळ्यांवर ओरडत होती. सर्वांत शेवटची, फाटकाजवळची, वॉरीची. फाटकाबाहेर कानेंग बाईंची जुनी पिकअप उभी होती. बाई दाराला टेकून शेंगा सोलत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अजून विचारत होत्या, "विज्ञान?"

खिशात फोन वाजला. आई.

"बसलीस का गाडीत, बाळा? खिडकीशी बस, धूळ आली तर काच लाव. मामाने सोमवारपासून…"

"आई, जरा थांब."

"काय गं? दम लागलाय का?"

"नाही. दम नाही लागलेला."

वॉरीच्या गाडीचं इंजिन घरघरलं, मागून धुळीचा लोट उठला. शेवटच्या खिडकीत एक हात दिसला, खाकी बाही, कोपरापर्यंत. तेमिसान तिला पाहत नव्हता. तो उतरणार नव्हता, आणि त्याने उतरावं असं तिला वाटतही नव्हतं. तिकडे एक म्हातारा माणूस एका हाताने दुकानाचं दार उघडून त्याची वाट पाहणार होता. त्या गाडीचं आता काही बदलणार नव्हतं.

पण नळापाशी त्याने एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर अजून तिच्या घशात होतं.

फाटकापाशी सार्जंट लाराबा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने मैदानाच्या मधोमध एकट्या उभ्या असलेल्या इदाराकडे पाहिलं, मग शेवटच्या गाडीकडे, मग पुन्हा इदाराकडे. आणि दोन बोटांनी आपल्या पोटावर थोपटलं.

इदाराने बदलीचा कागद मुठीत धरला. फोन तसाच कानाशी होता, आई 'हॅलो, हॅलो' म्हणत होती. तिने श्वास घेतला, खोल, त्या धुळीसकट, खाली पोटापर्यंत. फाटलेला ओठ पुन्हा चिरला. आणि शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"तेमिसान! मी राहतेय! मी इथंच राहतेय!"